सर्कलसाहेब

त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर नाव बारीक आणि हुद्दा ठळक आहे. 'चीफ एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, मराठवाडा सर्कल.' कोणत्या कंपनीचे, ते छापलेलं नाही. ती जागा छापखान्याला मुद्दाम कोरी सोडायला सांगितलेली असते आणि ज्या वर्षी जी कंपनी चालू असेल तिचं स्टिकर तिथं लागतं. माझ्याकडच्या कार्डावरचं स्टिकर मी एकदा बसल्या बसल्या नखानं उचकलं, तर खाली दुसरं निघालं आणि त्याखाली तिसरं. सगळ्यात खालची कंपनी आता जगात नाही. मधली आहे, पण वेगळ्या नावानं. हुद्द्याची शाई मात्र जशीच्या तशी.

'मराठवाडा सर्कल' अशी चीज दूरसंचार खात्याच्या दप्तरात नाही. खात्यानं मोबाइलसाठी देशाचे 22 तुकडे पाडलेत. त्यातला आपला तुकडा महाराष्ट्र सर्कल, ज्यात गोवा आहे आणि मुंबई नाही. हे मी त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "पणजी आत अन् मुंबई भायेर, हे तुम्हाला पटायलं. मराठवाड्याचं सर्कल तेवढं पटंना व्हय? अनुशेष भरून निघायची वाट पाहत बसलो असतो तर रिटायर झालो असतो. घेतलं काढून." मराठवाड्याचा अनुशेष पदरच्या पैशानं भरून काढणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. तेव्हापासून पैठण गेट ते टीव्ही सेंटर सगळे त्यांना सर्कलसाहेब म्हणतात.

सर्कलचं मुख्यालय पैठण गेटलाच, मोबाइलच्या दुकानांच्या त्या दाटीत. रुंदी इतकी, की साहेब खुर्चीत बसले की गिऱ्हाईक रस्त्यावर असतं. कर्मचारी एक. तो पोरगा दिवसभर फोनला ग्लास मारतो आणि त्याला 'आमचे चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर' असं म्हणून भेटवलं जातं. पगार ग्लास मारणाऱ्या पोराचाच. 2023 मध्ये शहराचं नाव कागदोपत्री बदललं तेव्हा साहेबांनी पहिल्याच आठवड्यात पेंटर बोलावला. 'औरंगाबाद' होतं तोवर बोर्डावर सगळं नीट बसत होतं. 'छत्रपती संभाजीनगर' मांडल्यावर पेंटर म्हणाला, साहेब, एक तर गाव बारीक करा, नाही तर हुद्दा. साहेबांनी गाव ठळक ठेवलं, हुद्दा ठळक ठेवला आणि फोन नंबर उडवला. त्यामुळे मोबाइलच्या या दुकानात फोन करायचा तर नंबर विचारायला आधी दुकानात जावं लागतं.

त्यांची कारकीर्द सुरू झाली ती पिवळ्या पाटीखाली. त्याआधी काही वर्षं गुलमंडीत मामाच्या किराणा दुकानावर पुड्या बांधल्या, पण तो काळ ते 'ट्रेनिंग' या सदरात टाकतात. 1984 साली सॅम पित्रोदांनी सी-डॉट उभी केली, देशी एक्स्चेंज बनायला लागली, आणि पुढच्या काही वर्षांत चौकाचौकात एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लटकल्या. त्यातली एक मध्यवर्ती बसस्थानकाजवळ साहेबांची. पित्रोदांचा उल्लेख ते 'आमचे सीनियर' असा करतात. "त्यांनी दिल्लीतून बघितलं, आपण इथून बघितलं."

इथून म्हणजे काचेच्या केबिनबाहेरच्या लोखंडी टेबलावरून. केबिनमध्ये पंखा नव्हता, आणि औरंगाबादचा मे महिना. आत शिरलेला माणूस घामानं आणि मीटरनं एकदमच हैराण व्हायचा. मीटरचे लाल आकडे डोक्यावर पळत असायचे, त्यामुळे लोक आकड्यांकडे बघून बोलायचे. वाक्याच्या मध्येच "बरं ठेवतो" व्हायचं. पुढची पल्स पडायच्या बेतात असली की साहेब बोटातली अंगठी काचेवर ठक ठक वाजवायचे आणि ओरडायचे, "पडायली! पडायली!" नवखी माणसं बाहेर पळत यायची. आपल्याच धंद्याचं नुकसान करणारी ही सेवा जगातल्या कुठल्या टेलिफोन कंपनीनं दिली असेल असं वाटत नाही. साहेबांना विचारलं तर म्हणतात, त्याला कस्टमर रिटेन्शन म्हणतात.

रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. तेव्हा खरी गर्दी. इंजिनिअरिंगच्या होस्टेलची पोरं, वाळूजला बजाजमध्ये नाहीतर तिथल्या छोट्या शेडमध्ये दुसरी पाळी संपवून आलेले लोक आणि घाटी दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले खेड्यापाड्यातले नातेवाईक. गावाकडे फोन असायचा एखाद्याच घरी, म्हणून चिठ्ठीवर नंबरापुढं 'पी. पी.' लिहिलेलं. फोन लावायचा, "पाटलांना सांगा, तेवढं आमच्या तात्याला बोलवा, धा मिनिटांनी लावतो" म्हणायचं आणि मग ती दहा मिनिटं बाकावर बसून काढायची. त्या दहा मिनिटांत साहेबांना माणसाची सोयरीक, शेती, कर्ज आणि दुखणं सगळं कळायचं. मराठवाड्याची इतकी माहिती तेव्हा जिल्हाधिकारी कचेरीतही नसावी. घाटीतून कधी कोणी नुसताच येऊन उभा राहायचा, चिठ्ठी पुढं करायचा आणि त्याला बोलता यायचं नाही. तो निरोप साहेब स्वतः सांगायचे आणि त्या कॉलचं बिल फाडून टाकायचे. एवढ्या गप्पिष्ट माणसानं ही गोष्ट आजवर मला सांगितलेली नाही. मला ती त्यांच्या बूथवर तेव्हा कामाला असलेल्यानं सांगितली.

31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. "त्या दिवशी मी बूथवरच होतो," असं साहेब सांगतात, आणि ते खोटं नाही. मोबाइल आपल्या सर्कलात यायला आणखी दोनेक वर्षं गेली. तो बिर्ला-एटी अँड टीचा, म्हणजे पुढच्या आयडियाचा. साहेबांनी पहिल्या खेपेतच हँडसेट घेतला. सुरुवातीचा तो दर ऐकून आजची पोरं हसतात. मिनिटाला 16 रुपयांपर्यंत, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे. त्यामुळे साहेबांनी धोरण ठरवलं, की मोबाइल कमरेला लावायचा, उचलायचा नाही. वाजला की नंबर बघायचा, कट करायचा आणि आपल्याच बूथवर जाऊन त्या नंबरला फोन लावायचा. त्यांच्या मोबाइलनं पहिली काही वर्षं कमाई करून दिली ती त्यांच्या पीसीओला.

मग 1 मे 2003 ला इनकमिंग फुकट झालं. साहेबांच्या भाषेत, "महाराष्ट्र दिनाची भेट म्हणून आपण इनकमिंग फ्री केलं." त्यांच्या तोंडी असे सगळे निर्णय 'आपण' घेतलेले असतात. सेकंदाला पैसा लावायची पद्धत 2009 ला टाटा डोकोमोनं आणली, तीही आपणच. 20 जानेवारी 2011 पासून नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर झाली, त्याला तर आपला आधी विरोध होता, पण ग्राहकहित बघून आपण मान्यता दिली. दिल्लीत ट्रायनं काढलेलं पत्रक पैठण गेटला पोचेपर्यंत त्याखाली साहेबांची सही झालेली असते. याला कोणी बढाई म्हणेल. मी म्हणत नाही. इनकमिंग फुकट झाल्यावर पिवळी पाटी उतरवावी लागली, काचेची केबिन भंगारात गेली, ते सगळं 'आपण'च सोसलं होतं. सोसण्यात वाटा असला तर श्रेयात का नको?

केबिन गेली आणि साहेब मोबाइल कंपन्यांचे डिस्ट्रिब्युटर झाले. इथून त्यांच्या कारकिर्दीची जी घोडदौड आहे तिची नोंद एकाच ठिकाणी सापडते, वहिनींच्या पोछ्याच्या बादलीत. प्रत्येक कंपनी टी-शर्ट देते. कंपनी बंद पडली, विकली गेली किंवा तिनं रंग बदलला, की टी-शर्ट फरशी पुसायला निघतो. वहिनींकडे हच होता, तो गुलाबी. पूर्वीचा भगवा त्याच्याही आधी झिजला. आयडियाचा पिवळा होता, रिलायन्सचा निळा, एअरसेल, युनिनॉर, एमटीएस, डोकोमो, सगळे होते. एका वेळी देशात डझनावर मोबाइल कंपन्या होत्या आणि वहिनींच्या घरात पुसायच्या फडक्याला तोटा नव्हता. आता खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल धरून चारच उरल्यात. "स्पर्धा राहिली नाही हो," वहिनी म्हणाल्या, "आता फडकं विकत आणावं लागतं." दूरसंचार क्षेत्रातल्या मक्तेदारीवर मी बरेच लेख वाचलेत. इतकं मुद्द्याचं कुठंच आढळलं नाही.

डिस्ट्रिब्युटरचं जिणं महिन्याच्या तीस तारखेला बघावं. त्या दिवशी टार्गेट असतं. इतकी ॲक्टिव्हेशन झाली तर स्कीम, नाही तर स्कीम गेली. संध्याकाळी पाचनंतर साहेब नातेवाइकांची यादी काढतात. वैजापूरच्या मामांच्या नावावर एका काळी इतकी सिमं होती, की त्यांचा वाढदिवस आला की शुभेच्छांचे मेसेज चार कंपन्यांकडून यायचे आणि मामांकडे मोबाइलच नव्हता. कूपनांचा जमाना होता तेव्हा नाण्यानं खरवडायचं आणि आकडे मारायचे. दिवस संपला की साहेबांच्या नखांत चंदेरी भुसा. जेवायला बसण्याआधी वहिनी ते ब्रशनं घासून काढायला लावायच्या. एका कंपनीचं, नाव नको, दुकान रातोरात मिटलं आणि न खपलेल्या कूपनांचा गठ्ठा साहेबांकडे राहिला. त्याचा क्लेम 'प्रोसेसमध्ये' असल्याचं सांगणारा माणूस पुढं दुसऱ्या कंपनीत गेला, तिथून तिसऱ्या. तोच माणूस आता साहेबांना गृहकर्जासाठी फोन करतो. कूपनं त्यांनी फ्रेम करून गल्ल्यामागं लावली आहेत. खाली लिहिलंय, 'शेअर सर्टिफिकेट'.

एवढं होऊनही स्वतःच्या हुद्द्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. उलट एअरटेलला 2013 साली गोपाल विट्टल आले आणि ते आधी हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये होते, असं पेपरात वाचल्यावर साहेबांनी मला मुद्दाम चहाला बोलावलं. "साबणाच्या लायनीतला माणूस टेलिकॉमचा सीईओ होतो की नाही? मग? गुलमंडीत मी काय विकत होतो?" याला उत्तर नव्हतं. सुनील मित्तल लुधियानाला सायकलचे सुटे भाग करत होते, हेही त्यांना पाठ. पोरगा सायकलचं पंक्चर काढून आणायला उशीर लावतो तेव्हा ते त्याला रागावत नाहीत.

पण साहेबांच्या कारकिर्दीतलं सोनेरी पान 2008 सालचं, आणि ते पान याच गावचं आहे. धूतांच्या व्हिडिओकॉनचा उगम इथला. पैठण रोडवर चितेगावला कारखाना, आणि गावातल्या निम्म्या बैठकीच्या खोल्यांत एके काळी त्यांचाच रंगीत टीव्ही. त्या घराण्याच्या डेटाकॉम या कंपनीला जवळजवळ देशभर मोबाइल चालवायचा परवाना मिळाला. परवाने 'जो आधी येईल त्याला' या न्यायानं वाटले, यावर पुढं देशात केवढं रामायण झालं. साहेबांना तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. "पैठण गेटला दुसरी कुठली पद्धत आहे?" त्यांना दिसत होतं ते एकच, की इतकी वर्षं हेड ऑफिस म्हणजे पुणे, मुंबई, दिल्ली. आता रिक्षानं जाता येईल.

2010 मध्ये व्हिडिओकॉनची मोबाइल सेवा काही राज्यांत सुरू झाली. त्याच सुमारास पंजाबात 'कनेक्ट' नावानं टेलिफोन-इंटरनेट चालवणारी क्वाड्रंट टेलिव्हेंचर्स ही कंपनीही याच समूहाकडे आली आणि तिचं नोंदणीकृत कार्यालय आलं थेट अदालत रोडला, ऑटोकार्स कंपाउंडमध्ये. मोहालीत सरदारजी फोन लावतो आणि त्याच्या कंपनीचा पत्ता क्रांती चौकापासून हाकेच्या अंतरावर! साहेबांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी लग्नातला ब्लेझर काढला. पुढच्या वर्षीचा एप्रिल होता. ते अदालत रोडला पोचले तेव्हा ब्लेझरचा आणि बनियनचा रंग एक झाला होता.

गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर पुढं केलं.

"कोणाला भेटायचंय?"

"सीईओंना."

"आपण कोण?"

"सीईओ."

वॉचमन गंगापूरकडचा, अदबशीर माणूस. त्यानं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, साहेबांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या लायनीचे मोठे लोक तिकडं दिल्लीच्या बाजूला असतेत. इथं पत्ता आहे." साहेब म्हणाले, "माझ्याकडं उलटं आहे. मी आहे, पत्ता नाही." मग दोघं तासभर बोलले. वॉचमनचा मोबाइल कोणत्या कंपनीचा, त्याच्या गावाकडं रेंज कशी, कोणता टॉवर कोणाच्या वावरात आणि त्याला भाडं किती. निघताना वॉचमननं पोर्ट करायचं कबूल केलं. बैठक यशस्वी झाली, असं साहेबांनी त्या दिवशीच्या डायरीत लिहिलं आहे. मी ती नोंद पाहिली आहे.

2 फेब्रुवारी 2012 ला सुप्रीम कोर्टानं 10 जानेवारी 2008 आणि त्यानंतर दिलेले 122 परवाने एका फटक्यात रद्द केले. त्यात व्हिडिओकॉनचे 21. साहेबांनी त्या दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. अर्धं शटर पाहून शेजारपाजारचे दुकानदार घाबरून आले. काय झालं, कोण गेलं? साहेब खुर्चीत मान खाली घालून. "लायसन गेलं," एवढंच बोलले. समोरचा कव्हरवाला मामू पुढं झाला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "इतनीसी बात? आरटीओ में अपना आदमी है. शाम तक डुप्लिकेट निकाल देंगे." साहेबांनी त्याला स्पेक्ट्रम, परवाना, कोर्ट सगळं समजावलं. मामूनं शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, "गाडी जप्त केली का मग?"

नोव्हेंबर 2012 च्या लिलावात व्हिडिओकॉननं पुन्हा सहा सर्कल घेतली. बिहार, गुजरात, हरियाणा, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशचे पूर्व-पश्चिम दोन्ही. त्यात महाराष्ट्र नाही. गावची कंपनी पाटण्यात वाजणार, कानपुरात वाजणार आणि गुलमंडीत नाही. साहेबांनी नकाशा काढला. आपल्या माणसाचं नेटवर्क सर्वांत जवळ कुठं? बोट सिल्लोडवरून, अजिंठ्याच्या घाटावरून, जळगाव-भुसावळ-रावेर करत बुऱ्हाणपूरला जाऊन थांबलं. तिथं मध्य प्रदेश लागतो.

एका रविवारी ते एसटीनं खरंच गेले. मोगलांनीही दख्खनचा कारभार आधी बुऱ्हाणपूर आणि मग औरंगाबाद असाच हाकला होता, तेव्हा या प्रवासाला पूर्वपीठिका आहे, असं वाटेत त्यांनी मला फोनवर सांगितलं. रावेरच्या पुढं त्यांनी मोबाइल हातातच धरला. हद्द ओलांडल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये शिरून नेटवर्क शोधायला लावलं. फोननं बराच वेळ गोल गोल फिरवलं आणि यादी मांडली. एअरटेल, आयडिया, बीएसएनएल, आणि खाली, स्वच्छ अक्षरात, गावचं नाव. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. फोन म्हणाला, या नेटवर्कला परवानगी नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. बुऱ्हाणपुरात एका दुकानात सिम मागितलं, तर दुकानदारानं स्थानिक पत्त्याचा पुरावा मागितला. साहेबांनी कार्ड दिलं. "सीईओ मतलब?" दुकानदारानं विचारलं. साहेबांनी विचार करून सांगितलं, "मालिक नहीं. मालिक से थोड़ा नीचे." दुकानदार म्हणाला, मालक स्वतः आला तरी लोकल पत्ता लागेल. मग त्यानं आपला फोन दाखवला. काड्या फुल्ल. साहेबांनी त्या काड्यांचा फोटो काढला आणि वहिनींना फोन लावला, रोमिंगमध्ये.

"मिळाली का रेंज?"

"दिसली."

"मग आता अर्धा किलो मावा जिलेबी घ्या अन् या. उद्या नळाला पाणी यायचंय, टाकीवर कोणी तरी लागंल."

2016 च्या मार्चमध्ये व्हिडिओकॉननं त्या सहाही सर्कलचं स्पेक्ट्रम एअरटेलला 4,428 कोटींना द्यायचा करार केला. कंपनीचे खरे सीईओ तेव्हा अरविंद बाली. पैठण गेटला मात्र निवेदन आमच्या साहेबांनी केलं. "योग्य वेळी आपण एक्झिट घेतली." मामूनं विचारलं, आपल्याला काय मिळालं? साहेब म्हणाले, अनुभव.

त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ आलं आणि रांग क्रांती चौकाच्या दिशेनं वाढायला लागली. फुकट सिम, आधार आणि अंगठा. या अंगठ्यानं साहेबांची कसोटी पाहिली. कापूस वेचून, भांडी घासून, बांधकामावर विटा उचलून झिजलेले अंगठे मशीन ओळखत नव्हतं. पाचव्यांदा लाल दिवा लागला की म्हातारी म्हणायची, जाऊ दे बाबा, माझं नशीबच पुसलंय. साहेब तिला जाऊ द्यायचे नाहीत. अंगठा ओल्या फडक्यानं पुसायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, थोडं खोबरेल चोळून पुन्हा कोरडा करायचा आणि जरा तिरका टेकवायचा. हिरवा दिवा लागला की दोघंही टाळी द्यायचे. या कामाला कंपनीच्या पुस्तकात नाव नाही. तिथं नुसतं 'ॲक्टिव्हेशन: एक' लिहिलेलं असतं.

31 ऑगस्ट 2018 ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. साहेबांनी ते आधीच केलं होतं. दोन्ही बोर्ड अर्धे कापून, जोडून. खर्च वाचावा म्हणून केलं होतं, पण आता ते 'मर्जरची संकल्पना' म्हणून सांगतात. 2020 मध्ये ब्रँडचं नाव नुसतं 'व्ही आय' झालं तेव्हा दोन अक्षरांसाठी एवढा मोठा बोर्ड वाया गेला, याचं दुःख त्यांना अजून आहे. आणि 24 ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टानं एजीआरचा निकाल दिला, की कंपन्यांचा सगळाच महसूल धरून त्यावर सरकारचा हिस्सा मोजायचा, तेव्हा सकाळच्या संचालक मंडळात, म्हणजे चहाच्या गाड्यावर, साहेबांनी तो असा समजावला: "तू चहा विकतोस. कमाईतला वाटा सरकारला देतोस. तुझ्या घरी एक भाडेकरू आहे. सरकार म्हणतं, त्या भाड्यावर पण चहाचा वाटा दे. आणि हे भांडण इतकी वर्षं चाललं, की व्याज अन् दंड मिळून मूळ रकमेच्या वर गेलं." चहावाला म्हणाला, "मग मी भाडेकरूलाच चहा पाजत जाईन, निदान हिशोब जुळंल." या तोडग्यात काही तरी आहे असं साहेबांना अजून वाटतं. त्यांनी तो खात्याला कळवलाही असेल.

आता रिचार्ज ज्याच्या त्याच्या फोनवरून होतं. दुकानदारानं रिचार्ज मारायच्या लापू सिमवर दिवसाला हजारांत चालणारा व्यवहार आटला. दुकानात येतात ते दोनच प्रकारचे लोक. ज्यांना ग्लास मारायचा आहे ते, आणि ज्यांना भांडायचं आहे ते. कंपनीला फोन लावला तर यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा. सर्कलसाहेबांपुढं काहीच दाबावं लागत नाही. सिडकोच्या एका काकू परवा थेट काउंटरवर फोन आपटून म्हणाल्या, "माझं दीड जीबी रोज जातं कुठं?" साहेबांनी फोन उघडला. भिशीच्या ग्रुपमधले, सत्संगाच्या ग्रुपमधले आणि भावकीच्या ग्रुपमधले सगळे व्हिडिओ आपोआप उतरत होते. साहेबांनी ते बंद केलं. काकूंनी विचारलं, "ह्याचे किती?" "काही नाही." "मग इतके दिवस का केलं नाही?" पदावरच्या माणसाला असं ऐकून घ्यावं लागतं. मुंबई-दिल्लीतले सीईओ वर्षातून एकदा भागधारकांना तोंड देतात. यांची सर्वसाधारण सभा सकाळी दहाला सुरू होते आणि शटर पडेपर्यंत तहकूब होत नाही.

गेल्या आठवड्यात गेलो तर साहेब खुशीत दिसले. काउंटरवर कार्डांचा नवा गठ्ठा, स्टिकरची जागा कोरी.

"आता कोणती?"

त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं पंखा. "सॅटेलाइट," ते म्हणाले. "2025 च्या जूनमध्ये स्टारलिंकला खात्याचं लायसन मिळालं. आता टॉवर नाही, केबल नाही, रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी नाही. थेट वरून. मस्कसाहेबांना मेल टाकलाय."

"काय लिहिलं?"

"मराठवाडा सर्कल रिकामं आहे म्हणून लिहिलं. अन् आपल्याला अनुभव आहे."

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या बाकावर बसून ऐकत होत्या. डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, "मेल टाकलाच आहे तर टी-शर्ट सुती देतेत का तेवढं विचारून घ्या. मागचा पॉलिस्टरचा होता. नुसतं पाणी सरकवायचा, पुसायचाच नाही."